वजा एक इंच

टेप कसा मरतो, हे मला विचारा. आळेफाट्यावर आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. बापूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कन्हैयालालजींनी ते थाटलं आणि गेली पंचवीस वर्षं मी तिथं काउंटरमागे उभा आहे. गवंडी, सुतार, वेल्डिंगवाले या सगळ्यांचे टेप माझ्याच हातून जातात आणि निकामी झाले की माझ्याच काउंटरवर येऊन पडतात. टेप म्हातारपणानं मरत नाही, माणसाच्या धसमुसळेपणानं मरतो. पट्टी सट्कन सोडून देतात, ती आत जाऊन आदळते आणि टोकाच्या हुकाचे रिव्हेट निखळतात. ओला टेप तसाच गुंडाळतात, त्याला गंज चढतो. पहिल्या फुटावरचे आकडे सगळ्यांत आधी पुसले जातात, कारण रोजचा हात तिथंच फिरतो.

त्यातले काही महाभाग नवा टेप घेऊन दुसऱ्या दिवशी भांडायला येतात. "शेट, हूक हालतोय, पीस खराब हाय." अरे बाबा, तो हलायलाच पाहिजे! आतून टेकवला की आत सरकतो, बाहेरून अडकवला की बाहेर सरकतो, म्हणजे हुकाची जाडी मापात धरली जात नाही. पण ऐकेल तो गिऱ्हाईक कसला. घरी जाऊन हातोडीनं ठोकून पक्का करतात आणि मग अर्ध्या सुताचा फरक का येतो म्हणून पुन्हा माझंच डोकं खातात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या भागात अजून मिलिमीटरपेक्षा त्याचा मान मोठा आहे.

अशा गिऱ्हाइकांत एकच माणूस वेगळा होता. राजुरीचा दादाभाऊ मिस्त्री.

राजुरीच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड आहे. खिडक्यांचे ग्रिल, कांदाचाळीचे सांगाडे, ट्रॉलीची दुरुस्ती, सगळं तिथं होतं. त्याचा टेप बापूजींच्या हातून घेतलेला, पाच मीटरचा, पिवळा. त्यावर एकदा लोखंडी चॅनेल पडलं आणि हुकासकट पहिला इंच चेचला. दादाभाऊनं कात्री घेतली, तेवढा तुकडा छाटून टाकला आणि कामाला लागला. तेव्हापासून त्याचा टेप शून्यावर सुरू होत नसे, एकवर सुरू होई. पस्तीस दिसलं की खरं माप चौतीस. किती वर्षं झाली असतील? चौदा तरी. मी दर दिवाळीला म्हणायचो, "मिस्त्री, आता तरी नवा घ्या, लाज आणता आम्हाला." तो तुटक्या टोकावरून अंगठा फिरवत हसायचा. "शेट, टेपात इंच कमी हाय, डोक्यात न्हाई. तुमच्या गिऱ्हाइकांचं उलटं हाय."

पुढं पोरगा गोरख चाकणला कंपनीत लागला आणि शेडमध्ये दादाभाऊच्या हाताखाली त्याची सून आली, मोहिनी. आधी नुसतं टेपचं टोक धरायची. मग कटर मशीन चालवायला लागली, मग वेल्डिंगही. गावानं आधी तोंडात बोटं घातली आणि मग गुपचूप आपापल्या खिडक्या तिच्याकडून करून घेतल्या. दादाभाऊ मापं घ्यायचा, शेडच्या पत्र्यावर खडूनं लिहायचा, मोहिनी कापायची.

खरं तर दादाभाऊनंच तिला धंद्याचा पहिला नियम शिकवला होता. 'ज्याचं माप, त्याचाच कट.' टेप तुटका असला तरी बिघडत नाही, पण ज्या टेपानं माप घेतलं त्याच टेपानं कापायचं, आणि ज्या हातानं घेतलं त्याच हातानं. दोन हात आले की चुकीला वाट मिळते. गुडघे दुखायला लागले, कटरपाशी वाकवेना, म्हणून दादाभाऊनं स्वतःच तो नियम मोडला. मोहिनीचा टेप धड होता. म्हणून दादाभाऊ तुटक्या टेपावरचा आकडा वाचायचा, मनात एक इंच वजा करायचा आणि उरलेलं पत्र्यावर लिहायचा. दोन वर्षं एक सूत इकडंतिकडं झालं नाही.

गेल्या दिवाळीनंतर पहिली खिडकी चुकली. ग्रिल एक इंच मोठं झालं, चौकटीत बसेचना. मग एका चाळीचं फाटक एक इंच कमी भरलं. मी काय केलं? मी हसलो! दुकानात चार माणसं होती, त्यांच्यासमोर म्हणालो, "काय मिस्त्री, डोक्यातला इंच पण पडला का कुठं?" सगळे हसले. दादाभाऊही हसला, पण जरा उशिरा. ते वाक्य आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

आमच्याकडे दार चोरासाठी करत नाहीत, बिबट्यासाठी करतात. चहूकडे ऊस आहे आणि उसात तो आहे. मळ्यातल्या घराला पडवीचं लोखंडी दार नसेल तर दिवस मावळायच्या आत माणसं, पोरं, शेळ्या सगळी एकाच खोलीत. कोंडाबाई ही अशीच मळ्यात राहणारी म्हातारी. घरात ती आणि पाच वर्षांची नात, श्रेया. तिच्या पडवीचं दार दादाभाऊनं केलं. माप वाचताना इंच वजा केला आणि पत्र्यावर लिहिताना पुन्हा एकदा केला. दार आखूड झालं. बसवायला तो एकटाच गेला होता. कडी भोकात जेमतेम दोन सूत जात होती. "चालतंय," म्हणाला आणि आला निघून. चालतंय! ज्या माणसानं आयुष्यात तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून खपवून घेतला नाही, तो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बिबट्यानं पंजा मारला, कडी निसटली आणि पडवीत बांधलेली शेळी गेली. शेळीच्या खुंट्यापासून चार हातांवर श्रेया जेवत बसली होती. ती आत पळाली म्हणून वाचली.

कोंडाबाई दुसऱ्या दिवशी शेडवर आली. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "दादाभाऊ, तुझ्या दारानं माझी शेळी नेली रे." मोहिनीनं त्याच दिवशी जाऊन दाराला पट्टी जोडून दिली. दादाभाऊ दोन दिवस जेवला नाही. आणि तिसऱ्या दिवशी मोहिनी त्याला घेऊन माझ्या दुकानात आली.

"शेट, तात्यांना नवा टेप द्या. हा तुटका हाय म्हणून घोळ व्हतोय." घरात सगळे दादाभाऊला तात्या म्हणायचे.

मला तर आनंदच झाला. चौदा वर्षांनी का होईना, माझं म्हणणं खरं ठरलं होतं. मी चांगल्यातला चांगला टेप काढला, रुंद पट्टीचा, ठळक आकड्यांचा. दादाभाऊनं जुना टेप काउंटरवर ठेवला आणि त्याच्यावरचा हात काही उचलेना. "ह्याचं काय करणार?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "भंगारात." त्यानं मान डोलावली. तो गेल्यावर मला तो टेप टाकवेना, म्हणून खालच्या ड्रॉवरमध्ये सारला.

आठ दिवसांनी मोहिनी एकटी आली, स्कूटीवरून, उन्हातनं. नवा टेप काउंटरवर ठेवून म्हणाली, "शेट, ह्यो टेप खोटा हाय. बदलून द्या."

मी स्टीलची पट्टी काढली, टेप तिच्यावर लावला. फूटभर, दोन फूट. केसाचाही फरक नव्हता. "पोरी, टेप बरोबर आहे."

"नीट बघा ना."

"बघितलं की."

"परत बघा." तिनं दोन्ही हातांनी काउंटरची कड धरली होती. "शेट, ते कधी इंच काढत्यात, कधी न्हाई काढत. परवा तीन इंच काढले. म्या इचारलं तर म्हनले, टेप तुटका हाय ना. नव्या टेपाला! टेपच खोटा असंल. असूं शकतो ना? एखादा पीस येतो ना तसा?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही टेप बदलायला आलेली नाही. टेप खोटा निघावा एवढंच तिला देवाकडे मागायचं होतं, आणि देव सापडला नाही म्हणून ती माझ्याकडे आली होती. आमच्या घराण्याची रीत अशी की जीव गेला तरी आपल्या मालाला आपण खोटं म्हणायचं नाही. मी टेप उचलला, तोंडाला येईल ते बोललो. "हो, हा लॉटच खराब आला आहे. दोघं-तिघं परत करून गेले." आणि दुसरा टेप दिला. त्यानंतर तिसरा दिला. तिसऱ्याला तिनं काही विचारलं नाही आणि मीही पट्टी काढली नाही.

गोरखनं सुट्टी काढून दादाभाऊला मंचरला डॉक्टरांकडे नेलं. मेंदूचा फोटो निघाला. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, गोळ्यांनी थोडा आळा बसेल पण गेलेलं परत येणार नाही. काम बंद करा असंही म्हणाले. गोरख आठवड्याची सुट्टी संपली तसा चाकणला गेला, आणि बंद करा हे दादाभाऊला सांगायचं काम मोहिनीवर पडलं. तिनं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळला असता, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तिनं वेगळीच वाट काढली. दादाभाऊ माप घेऊन आला की संध्याकाळी दूध घालायच्या निमित्तानं ती स्कूटी काढायची, त्याच घरी जायची आणि पुन्हा माप घ्यायची. घरच्या लोकांना हात जोडायची, "तात्यांना बोलू नका." सकाळी आपल्या मापानं कापायची. दारं बसायला लागली. दादाभाऊला वाटायचं, आपलं गाडं रुळावर आलं. चार महिने हे चाललं. ती वाळून काडी झाली. रोज संध्याकाळी गावभर फिरायचं, दिवसभर कटर चालवायचा आणि सासऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, की आज किती शिल्लक आहे.

आणि मग दादाभाऊनं तिला पकडलं. पकडलं ते भलतंच.

एका दुपारी दोघं दुकानात आले, कटरची चाकं आणि वेल्डिंगचे रॉड घ्यायला. गर्दी होती. दादाभाऊ एकदम मोठ्यानं बोलायला लागला. "शेट, ह्या पोरीला समजावा जरा. म्या पत्र्यावर पस्तीस लिवलं, हिनं छत्तीस कापलं. तयार दार म्या सोता मोजलं. रोज चुकतीया! म्या चाळीस वर्सं नाव कमावलं, ही मातीत घालायला निघालीया."

मी न राहवून म्हणालो, "पण मिस्त्री, दार बसलं ना चौकटीत?"

"बसलं म्हनून काय झालं? माप चुकलं का न्हाई?"

दुकानातली माणसं तोंड दाबून हसली. मोहिनी रॉडची पाकिटं मोजत होती. तिनं मान वर केली नाही. "चुकलं तात्या माझं," म्हणाली. "हितनं पुढं बघून कापीन." मी आत गेलो आणि उगीच एक खोकं खाली काढून पुन्हा वर ठेवलं. बाहेर उभं राहवत नव्हतं.

त्याच आठवड्यात कोंडाबाईला मागच्या अंगाला दुसरं दार करायचं ठरलं. दादाभाऊ अडून बसला. कोंडाबाईचं दार मीच करणार, माप माझं आणि कटही माझाच, सुनेनं कटरला हात लावायचा नाही. मोहिनीचा फोन आला. "शेट, तुमी जा त्यांच्यासंगं. म्या गेले तर चिडत्याल. तुमी फकस्त खरं माप गुपचूप लिवून आना. पुढचं म्या बघते." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "त्या घरात पोर हाय वो, शेट."

मी दुकान लवकर बंद केलं, दादाभाऊला पिकअपमध्ये घेतलं आणि मळ्यात गेलो. चारचं ऊन होतं. श्रेया उंबऱ्यावर बसून चिंचोके खेळत होती, तिला कोंडाबाईनं बाजूला घेतलं. दादाभाऊनं चौकटीला टेप लावला. किती छान लावला म्हणून सांगू! कोपऱ्यात हूक टेकवला, पट्टी अंगठ्यानं ताणली, एक डोळा मिटला. हात अगदी पूर्वीचाच होता. खडूनं भिंतीवर लिहिलं, तेहतीस. मग जरा थांबला. पुन्हा टेप लावला आणि लिहिलं, बत्तीस. पुन्हा लावला, चौतीस. चौकट तीच, टेप तोच आणि भिंतीवर आकडे तीन. तो मागं सरून त्यांच्याकडे बघत राहिला.

मग माझ्याजवळ आला आणि कोंडाबाईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "शेट, ह्याच्यातनं इंच काढायचा का न्हाई?"

"नाही काढायचा, मिस्त्री. हा नवा टेप आहे. दिसेल तेच माप."

"बरं." त्यानं टेप लावला. खडू उचलला. हात भिंतीपाशी तसाच थांबला. "शेट, इंच काढायचा का?"

"नाही."

तिसऱ्यांदा विचारलं. मी सांगितलं. चौथ्यांदा विचारलं आणि माझा तोल गेला. मी खेकसलो, "नाही म्हणून सांगितलं ना! किती वेळा सांगायचं?"

श्रेया दचकली. दादाभाऊनं खडू खिशात ठेवला. मला वाटलं, आता चिडेल, शिव्या घालेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो उंबऱ्यावर बसला, टेप मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ भिंतीवरचे तीन आकडे वाचत राहिला.

"म्हंजी मोहिनीचं माप बरोबर व्हतं," तो म्हणाला.

मी मान डोलावली.

"आन् म्या तिला तुमच्या दुकानात, चार मान्सांत..." कोंडाबाईनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला आणि त्याच्या शेजारी टेकली. शेळीचं नाव कुणीच काढलं नाही. मला रडू आवरेना, म्हणून मी पिकअपकडे गेलो.

शेडवर आल्यावर दादाभाऊनं टेप मोहिनीच्या हातात दिला. "ज्याचं माप, त्याचाच कट," म्हणाला. "आता दोनी तुझंच, पोरी." तिनं तो घेतला, पदराला पुसला आणि शेडच्या मागे गेली. मला वाटलं, चला, कळलं एकदाचं, आता निदान दोघांना एकमेकांपासून लपवायला काही उरलं नाही. दार मोहिनीनं केलं. कडी भोकात पुरती दीड इंच जाते, मी स्वतः जाऊन पाहून आलो.

पण हा आजार कळलेलंही ठेवत नाही, हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी, भर दुपारी, दादाभाऊ एकटाच दुकानात आला. धोतर-सदरा स्वच्छ, पायात दोन वेगळ्या चपला. राजुरीहून चालत आला होता. "शेट," म्हणाला, "नवा टेप दाखवा. माझा तुटलाय, इंच गेलाय. सूनबाई म्हनती, घ्या आता नवा."

मी दाखवला. तो घेऊन गेला. मोहिनीनं संध्याकाळी फोन करून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. सोमवारी तो पुन्हा आला. तेच वाक्य, तेच हसू. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा. हमरस्त्यावर गाड्या भरधाव असतात, हा मधूनच चालतो. मोहिनीनं शेडला कुलूप लावून पाहिलं, तो मागच्या कुंपणातून निघाला. ती कटर सोडून त्याच्यामागे धावते आणि इकडं लोकांची दारं अडकून पडतात. परवा ती माझ्यासमोर स्टुलावर बसून म्हणाली, "शेट, म्या समदं मोजते वो. त्यांना कसं मोजू?" मी बापूजींच्या फोटोकडे बघितलं.

काल तो आला तेव्हा मी नवा टेप काढलाच नाही. खालचा ड्रॉवर उघडला आणि त्याचा जुना पिवळा टेप त्याच्यापुढं ठेवला. वाटलं, ओळखेल किंवा ओळखणार नाही, पण निदान हा परत आणून द्यावा लागणार नाही.

त्यानं टेप उचलला. पट्टी थोडी बाहेर ओढली. अंगठा आपोआप त्या छाटलेल्या टोकावर गेला, एकदा, दोनदा फिरला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की तसा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. समोरचा माणूस मला पुन्हा दादाभाऊ मिस्त्री दिसला. त्यानं काउंटरला टेप लावला, आकडा वाचला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, एखाद्या नवशिक्याला सांगावं तसं, मला म्हणाला,

"ह्याच्यातनं एक इंच वजा करायचा बरं का, शेट. इसरू नका."